पांढरी ठिगळं

५ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असतात, "खारू, तू बोलता बोलता टाइप करतेयस, मला ऐकू येतंय." मागच्या दोन्ही वेळा म्हणालात आणि दोन्ही वेळा मी करत होते. म्हणून हे पत्र. शिवाय मला तुमच्याकडून जे हवंय ते लेखीच हवंय.

नोकरी लागल्याचं आईने सांगितलं असेलच. कसली, ते मात्र तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असणार. शेजारच्या काकूंना ती म्हणाली, पोरगी संगणकावर चित्रं काढते. मी चित्रं काढत नाही. लोक ज्यावर चित्रं काढतात तो प्रोग्राम आमची कंपनी बनवते. तोच, जो तुमच्या पाट्यांच्या दुकानात आहे, ज्यात अक्षर भिंतीएवढं मोठं केलं तरी त्याची कड फाटत नाही. तो रोज वापरणाऱ्याला कुठे अडतं, कुठे टोचतं ते शोधायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं, हे माझं काम. माझ्या विभागात एकूण एक माणूस आहे आणि तो मीच आहे.

आमचे मुख्य मूळचे गणितातले. प्रोग्राममधली रेघ ज्या सूत्राने वळते ते सूत्र त्यांचं. ऑफिसात सगळे त्यांना कर्कटक म्हणतात, कारण त्यांचं एक टोक कायम एकाच जागी रुतलेलं असतं. ते टोक असं: अडचण प्रोग्राममध्ये नसते, वापरणाऱ्यात असते आणि त्याने ती शिकून घालवावी. त्यांनी मला तीस एप्रिलपर्यंत मुदत दिलीय. तोवर ज्याचं पोट या प्रोग्रामवर चालतं अशा एका तरी खऱ्या माणसाने, स्वतःच्या सहीने, "मला इथे इथे अडतं" असं लिहून दिलं पाहिजे. नाही दिलं तर विभाग बंद, म्हणजे मी बंद. मग घरी परत. आईने आत्याच्या शाळेत माझ्यासाठी जागा बघूनसुद्धा ठेवलीय.

तेव्हा मामा, एवढंच करा. जिथे अडलात, जिथे चिडलात, जिथे शिवी घातलीत, ते त्याच दिवशी लिहून काढा. शिवी गाळली तरी चालेल. बाकी काही गाळू नका.

तुमची,
खारू


१४ जानेवारी

चि. खारूस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. दोन गिऱ्हाइकं समोर बसली होती तरी त्यांना वाचून दाखवलं. त्यातल्या एकाने विचारलं, भाची कुठे असते. म्हटलं, आपण ज्याच्यावर पाट्या बनवतो ते जिथे बनतं, तिथे. त्याच्या चेहऱ्यावरून काही फरक पडलेला दिसला नाही, पण तो मनात पडला असणार.

आता कामाचं. तू अडचणी विचारल्यास. मी पाट्या रंगवायला लागलो तेव्हा माझ्याजवळ दोन ब्रश होते आणि त्यातला एक उसना होता. तिथून सुरुवात करून, शिडीवर उभं राहून उलट्या हाताने अक्षरं काढून, आज दुकान, संगणक आणि गेल्या महिन्यात आणलेलं स्टिकर कापायचं यंत्र, इथवर आलो. ज्या माणसाला शिडीने दगा दिला नाही त्याला प्रोग्राम काय देणार. तुझ्या आईलाही मी हेच सांगितलंय की आपल्याला आता सगळं येतं. प्रोग्राम फर्स्ट क्लास आहे. अडचण म्हणशील तर एकही नाही.

[इथे दीड ओळ व्हाइटनरने झाकलेली.]

तू जीव लावून काम कर. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. हे रोज संध्याकाळी संगणकाशी बोलत असतात. काय बोलतात ते पत्रात घालण्यासारखं नाही, पण त्याला "फर्स्ट क्लास" म्हणत नाहीत एवढं नक्की.


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं. मामीच्या ता. क. बद्दल तिचे वेगळे आभार मानतेय, तुम्ही मध्ये येऊ नका.

मामा, तुम्हाला काही येत नाही असं कोण म्हणतंय? तुम्ही ब्रशने काढलेली अक्षरं मी लहानपणी बोटाने गिरवायचे. पण जो प्रोग्राम मी आठ तास बघते तो मलाच रोज तीनदा छळतो. गेल्या आठवड्यात एक चौकोन हलेना. वीस मिनिटांनी कळलं की त्याला कुलूप आहे, आणि कुलूप मीच घातलं होतं.

आपण असं करू. मी विचारते, तुम्ही नुसतं उत्तर द्या. रंग निवडायचा असतो तेव्हा तुम्ही काय करता? हात कुठे जातो, डोळे कुठे जातात, एकेक पायरी लिहा. आणि संध्याकाळी संगणकाशी जे बोलता ते नेमकं कशावरून सुरू होतं?

वेळ आहे, पण फार नाही. कर्कटकसाहेबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीस एप्रिलभोवती वर्तुळ काढलंय. काय सुबक वर्तुळ आहे म्हणून सांगू.

खारू


१५ फेब्रुवारी

चि. खारू,

तू विचारलंस ते माझ्याबाबतीत लागू नाही, पण तुझं काम अडू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. माझे एक मित्र आहेत. पाट्यांच्याच धंद्यातले. नाव सांगत नाही, माणूस मानी आहे.

या मित्राने एकदा काहीतरी दाबलं आणि रंगांची ती पेटी असते ना पडद्याच्या कडेला, ती गेली. कुठे गेली ते त्याला ठाऊक नाही. पडद्याच्या चारही बाजू शोधल्या, संगणक बंद करून पुन्हा लावला, एक दिवस विश्रांती दिली. पेटी आली नाही. याला आता आठ महिने होतील. तुला वाटेल, मग धंदा कसा चालतो. डोकं असलं की चालतो. या मित्राकडे एका लाँड्रीची जुनी पाटी होती, तिच्यात निळा, लाल, पिवळा, हिरवा, सगळे रंग होते. आता नवी पाटी आली की हा गृहस्थ लाँड्रीची पाटी उघडतो, तिच्यातला हवा त्या रंगाचा तुकडा उचलतो, त्याची नक्कल करतो आणि ओढून ताणून त्याचं अक्षर बनवतो. गावातल्या चष्म्याच्या दुकानापासून किल्ल्या बनवणाऱ्यापर्यंत सगळ्या पाट्या त्या एका लाँड्रीतून धुऊन निघाल्यात.

मला तर त्याचं कौतुकच वाटतं. तो अगदी सुखात आहे. त्याची काही तक्रार नाही.

मामा

ता. क. मामी. हा मित्र आमच्याच घरी जेवतो. यांच्याच ताटात.


१ मार्च

प्रिय मामा,

तुमच्या मित्राला माझा नमस्कार. त्यांना सांगा, वर "खिडकी" असं लिहिलेलं आहे, त्यावर टिचकी मारली की एक यादी उघडते, तिच्यात नवव्या ओळीवर "रंग" आहे. तिथे खूण केली की पेटी परत येते. त्यांना हेही सांगा की नववी ओळ शोधायला मलाही पहिल्या वेळी अर्धा दिवस लागला होता. पेटी नाहीशी करायला एक टिचकी आणि परत आणायला आठ महिने, हा दोष त्यांचा नाही, आमचा आहे. मी शोधत होते ते हेच.

मी उड्या मारत कर्कटकसाहेबांकडे गेले. पत्रातला तो भाग वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "हे मित्र कोण?"

म्हटलं, "नाव सांगत नाहीत. मानी आहेत."

"म्हणजे तुमच्या मामांचा एक मित्र आहे, त्याला नाव नाही, त्याची सही नाही, आणि तो लाँड्रीतून रंग काढतो."

"हो सर."

"भूमितीत याला आपण कल्पित बिंदू म्हणतो," म्हणाले आणि पुन्हा चष्मा लावला.

त्यांना वाटतंय मी नोकरी टिकवायला माणसं रचतेय. मामा, दोन महिने राहिले. मला खऱ्या नावाचं, खऱ्या दुकानाचं एक माणूस हवंय, जे साहेबांना लिहून देईल. बाकी काही नको.

खारू


२० मार्च

चि. खारू,

काम फत्ते झालं असं समज.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साहेबाचा तुझ्यावर विश्वास नाही हे वाचून रात्रभर चुळबुळ केली, असं तुझी मामी म्हणते. मी झोपलो होतो, पण ती म्हणते तर असेल. सकाळी विचार केला. इतकी वर्षं गिऱ्हाइकं हाताळली. एवढं मला कळतं की आंबट चेहऱ्याच्या दुकानदाराकडून काम करून घ्यायचं असेल तर आधी त्याच्या मालाची स्तुती करावी. मग तो आपलं ऐकतो आणि आपल्या माणसाचंही ऐकतो. तुला खरा माणूस हवा होता, खरं दुकान हवं होतं, सही हवी होती. मी तिन्ही दिली. साहेबांना परस्पर पत्र धाडलं. त्याची नक्कल खाली देतो.

"माननीय महोदय,

मी पाट्यांच्या व्यवसायात आयुष्य काढलेला माणूस असून आपला प्रोग्राम गेली दोन वर्षे रोज वापरत आहे. या काळात मला एकही अडचण आलेली नाही. सर्व गोष्टी जिथल्या तिथे आहेत. मनात आणावे आणि ते पडद्यावर उमटावे इतके ते सोपे आहे. याहून अधिक सुधारणा करण्यास जागा आहे असे मला वाटत नाही. आपल्या कार्यालयात माझी भाची कामास आहे. तिला असा प्रोग्राम बनवणाऱ्या थोरांच्या हाताखाली शिकायला मिळते हे तिचे भाग्य. तिच्यावर लोभ असावा.

आपला नम्र,"

आणि खाली सही, दुकानाचा शिक्का. शिक्का दोनदा मारला, पहिला फिका आला होता.

आता बघ साहेब तुझ्याशी कसा वागतो ते.

मामा

ता. क. मामी. साहेबांना लिहिलेलं पत्र मला ते टाकून आल्यावर दाखवलं.


३१ मार्च

मामा,

साहेब फार छान वागले. मला खुर्ची दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिली.

तुमचं पत्र त्यांनी मोठं करून छापून घेतलंय आणि जिन्यासमोरच्या भिंतीवर लावलंय. "याहून अधिक सुधारणा करण्यास जागा आहे असे मला वाटत नाही" या ओळीखाली रेघ मारलीय. परवाच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं. मग ते माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "तुमचा खरा वापरकर्ता तुमच्याच घरातला निघाला, आणि त्याला अडचण नाही. मग हा विभाग ठेवायचा कशासाठी, तुम्हीच सांगा."

एका पत्राला खोटं म्हणायचं तर मामा खोटे ठरतात, आणि दुसऱ्याला म्हणायचं तर मी.

तीस एप्रिलपर्यंत टेबल रिकामं करायचंय. मी चिडले आहे की नाही ते विचारू नका. चिडले आहे. आईला तूर्त सांगू नका.

खारू


१२ एप्रिल

चि. खारू,

उशीर झाला. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी दुकानात नुसता बसून होतो. गिऱ्हाईक आलं तरी म्हणायचो, उद्या या. मग जे घडलं ते सांगतो. या पत्राची दुसरी प्रत तुझ्या साहेबांना पाठवलीय. त्यांनी ती जिन्यासमोर लावली तरी हरकत नाही, आडवी लावली तरी चालेल.

पहिली गोष्ट. मित्र वगैरे कोणी नाही. तो मीच. रंगांची पेटी माझीच हरवली होती. तुझ्या नवव्या ओळीने ती परत आली तेव्हा मी दुकानात एकटा होतो हे बरं झालं, कारण मी तिला "या, बसा" म्हणालो.

दुसरी गोष्ट दातांच्या डॉक्टरांची. आमच्या चौकात त्यांनी नवा दवाखाना काढला. काचेच्या दरवाजावर नाव, आणि खाली वेळ लिहायला आडवी निळी पट्टी, असं स्टिकरचं काम माझ्याकडे आलं. नव्या यंत्रावरचं पहिलंच काम. नेहमीप्रमाणे लाँड्रीची फाईल उघडली. आता नीट वाच, कारण इथे गाडी कुठे घसरली ते फक्त पाटीवालाच समजू शकतो. आमच्या धंद्यात चूक पुसत नाहीत. ओला रंग पुसायला गेलं की चिखल होतो. चुकीवरून पाटीचाच मूळ रंग फिरवायचा, वाळू द्यायचं आणि त्यावर पुन्हा काढायचं. खाली काय गाडलंय ते जगाला दिसत नाही. तीच सवय मी संगणकावर नेली. जे नको ते काढून कसं टाकायचं हे मी कधी शिकलोच नाही. त्यावर एक पांढरा चौकोन ठेवायचा आणि वर नवं काढायचं. दोन वर्षं असंच चाललं. पाटी छापून यायची, पांढऱ्यावर पांढरं दिसायचं, काम स्वच्छ. पण कापायचं यंत्र छापत नाही, कापतं. त्याला पांढरं-काळं कळत नाही. फाईलमध्ये जितक्या रेघा असतील, वरच्या, खालच्या, गाडलेल्या, तितक्या सगळ्या ते इमानाने कापतं. स्टिकर लावला तेव्हा मला काही दिसलं नाही. संध्याकाळ होती, आणि मी चष्मा दुकानात विसरलो होतो.

तुझं पत्र आल्यानंतरच्या चौथ्या दिवशी, जरा मन रमावं म्हणून मी सकाळी आपलं काम बघायला गेलो. दरवाजावर ऊन आलं होतं. बाकावर दोन पेशंट बसले होते. मी पाठीमागे उभा राहिलो, कोणी अक्षरांना चांगलं म्हणतंय का ते ऐकायला. तुला माझे कान माहीत आहेत.

एक म्हणाला, "अहो, त्या निळ्या पट्टीत बघा. बारीक काहीतरी लिहिलंय."

दुसरा म्हणाला, "वेळ लिहिलीय."

"वेळेच्या खाली हो. उन्हात दिसतंय. डाग निघेलच याची हमी नाही."

"दातांवरचे?"

"मग दुसरे कुठले डाग घेऊन आलोय आपण?"

"चांगलं आहे की. आधीच सांगतायत. माझ्या आधीच्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं."

"पुढे आहे अजून. आठ दिवसांत न नेल्यास दावा चालणार नाही."

"काय न नेल्यास?"

"कपडे लिहिलंय."

"कवळी असेल."

"कपडेच आहे. मला अक्षर लागतं."

मग एक जण उठून घरी गेला.

खारू, शिडीवरून दोनदा पडलोय. पण असं कधी झालं नव्हतं. दुकानात येऊन मी फाईल उघडली आणि एकेक पांढरा चौकोन मोजला. सदतीस निघाले. सदतीस ठिगळं, आणि प्रत्येकाखाली माझी एकेक चूक शाबूत.

आता तुझी यादी. मोठं केलं की चौकटीची रेघ आपोआप जाड होते, ती कशी थांबवायची मला येत नाही, म्हणून मी चौकटच काढायची सोडली. वळणावरचे ते ठिपके इतके बारीक आहेत की मी पडद्यावर भिंग धरतो. एकदा काहीतरी गरगर फिरवलं आणि सगळा पडदा जांभळा झाला. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, काका, तुम्ही एका जांभळ्या अक्षराच्या पोटात शिरलाय. एक वस्तू हलत नसली तर मी तिला तशीच सोडून तिच्याभोवती पाटी बांधतो. आणि "मागे घ्या" असं जे आहे ते मी एकदाच दाबलं होतं, सकाळचं सगळं काम मागे गेलं, तेव्हापासून त्याच्या वाटेला जात नाही.

महोदय, म्हणजे साहेब, हे तुमच्यासाठी. आधीचं पत्र मीच लिहिलं, सहीही माझी. ते खोटं होतं. भाचीने माणूस रचला नव्हता. माणूस लपला होता, आणि लपलेला माणूस मी.

माझी सही, दुकानाचा शिक्का. यावेळी एकदाच मारला, नीट उमटलाय.

मामा

वरील मजकूर खरा आहे. साक्षीदार म्हणून माझी सही. मामी. (भिंग माझ्या शिवणाच्या डब्यातलं आहे. वर्षभर शोधत होते.)


२९ एप्रिल

प्रिय मामा,

आता बसून वाचा.

तुमचं पत्र साहेबांनी उभ्याने वाचायला घेतलं. दातांच्या डॉक्टरांपाशी आल्यावर खुर्ची ओढली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हसले नाहीत. मला बोलावलं आणि म्हणाले, "ती फाईल मागवा." म्हणून मी तो तातडीचा फोन केला होता. पेन ड्राइव्ह काल पोचला. डबीत कापूस घालून पाठवलात, त्याची गरज नव्हती, पण पोचला.

साहेबांनी फाईल मोठ्या पडद्यावर लावली आणि स्वतःच्या हाताने एकेक पांढरा चौकोन उचलायला सुरुवात केली. दवाखान्याखाली चष्म्याचं दुकान निघालं. त्याखाली किल्ल्या. त्याखाली कोणाची तरी शिकवणी, आणि सगळ्यात तळाशी लाँड्री, कपड्यांसकट. सगळं ऑफिस काम टाकून बघत होतं. कोणीतरी म्हणालं, जमीन खणल्यासारखं वाटतंय. मध्येच साहेब थांबले आणि शिकवणीतल्या एका अक्षराजवळ गेले.

"हे वळण तीन बिंदूंत येतं," ते म्हणाले. "यांनी एकोणीस बिंदू लावलेत."

"तीन बिंदूंत येतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही, सर."

"पण वळण बरोबर आहे." आणि हे वाक्य ते दोनदा म्हणाले. मामा, त्यांनी कोणाच्या वळणाला बरोबर म्हटलेलं ऑफिसात कोणी ऐकलेलं नाही.

मग म्हणाले, "यांची आधीची पत्रं आहेत तुमच्याकडे?" मी काढून दिली. त्यांनी जानेवारीचं पत्र उचललं, आणि तिथे, तुमच्या मजकुराच्या शेवटी, जिथे दीड ओळ व्हाइटनर आहे, तिथे बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि कागद उजेडावर उलटा धरला. मामा, तीन महिने ते पत्र माझ्या खणात होतं आणि मला हे सुचलं नाही. मी म्हणे अडचणी शोधते.

त्यांनी मोठ्याने वाचलं: "खरं सांगायचं तर मला यातलं अर्धंही येत नाही, पण तुझ्या आईला कळू देऊ नकोस."

मग त्यांनी विचारलं, "खाली सही आहे?"

"आहे, सर."

"तारीख?"

"चौदा जानेवारी."

"म्हणजे मुदतीच्या साडेतीन महिने आधी आलं होतं," म्हणाले, आणि भिंतीपाशी जाऊन तीस एप्रिलभोवतीचं ते सुबक वर्तुळ खोडलं. वेडंवाकडं खोडलं.

मला टेबल रिकामं करायचं नाहीये. नोकरी पक्की झाली, आणि विभागात आणखी एक खुर्ची येणार आहे. पहिली सुधारणा कापायच्या यंत्रासाठी: यंत्राकडे फाईल पाठवण्याआधी खाली दडलेलं सगळं लाल रंगात दिसेल आणि प्रोग्राम विचारेल, हेही कापू का? दुसरी म्हणजे रंगांची पेटी. ती बंद केली तरी पडद्याच्या कडेला तिचं एक टोक राहील. ऑफिसात आता दडलेल्या चौकोनांना सगळे "मामा" म्हणतात. सकाळीच कोणीतरी ओरडत होतं, या फाईलमध्ये चौदा मामा आहेत. मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

तुमचं स्तुतीचं पत्र साहेबांनी जिन्यासमोरून काढलं नाही. त्याच्या शेजारी दुसरं लावलंय, आणि मध्ये एक चिठ्ठी: "एकाच गृहस्थांची दोन पत्रे. दुसरे खरे धरावे."

तुमची,
खारू

ता. क. अर्धं येत नाही हे मी आईला सांगितलेलं नाही. तिला पहिल्यापासूनच माहीत होतं.


८ जून

चि. खारूस आशीर्वाद.

नवा प्रोग्राम आला. बसवला. लाँड्रीची फाईल उघडून यंत्राकडे पाठवायचं बटण दाबलं, तर पडदा असा लाल झाला की मला वाटलं संगणकाला गोवर आला. सदतीसच्या सदतीस काढून टाकले, झाकून नव्हे. दोन दिवस लागले. काढताना लाँड्रीवाल्याची पाटी मात्र दुसरीकडे ठेवून दिली. तिने फार दिवस घर चालवलं.

दवाखान्याची निळी पट्टी सोलून काढली आणि तिथे शिडी लावून ब्रशनेच वेळ लिहून दिली. डॉक्टर खाली उभे राहून बघत होते. काम झाल्यावर म्हणाले, "पट्टी उत्तम आहे. पण ते हमी नाही वगैरे होतं ना, ते वाचून लोक आत येताना हसत असायचे. त्यामुळे तोंड उघडायला सांगावं लागत नसे. बारीक अक्षरांत परत घालता येईल का?" म्हटलं, विचार करू.

आता तुझ्या कामाचं. तू म्हणाली होतीस, अडेल ते लिहा. पहिल्यांदा जमत नव्हतं, आता थांबवता येत नाहीये. पुढची यादी सोबतच्या तीन कागदांवर आहे. क्रमांक एकशे चारपर्यंत गेलोय. त्यातले साठ तुझ्या प्रोग्रामचे आहेत. बाकीचे शिडी, पाकिटाचा गोंद, दुकानाचं शटर, चौकातला बाक आणि तुझ्या मामीची चहा ओतायची पद्धत यांबद्दल आहेत. ते तुझ्या विभागात येत नसतील तर साहेबांना दे, त्यांच्याकडे टोक आहे.

या पत्रात व्हाइटनर कुठेही लावलेलं नाही. बाटली मामीने घेतली, ती तिच्या चपलांना लावते. मी चुकलो तिथे एक रेघ मारलीय, खालचं वाचता येईल अशी.

प्रोग्रामचं म्हणशील तर

[इथे "आता मला सगळं येतं" एका रेघेने खोडलेलं, वाचता येतं.]

आता मला बरंच येतं.

तुझा,
मामा

ता. क. मामी. "बरंच"सुद्धा खोडायला हवं होतं. पण राहू दे. मला विचारून लिहिलंय.